स्वच्छ जखम

१२ जानेवारी

अगं भिंगरी,

तुझा फोन आला की मी नुसती हो-हो करते, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कानाचं यंत्र घेतलंय, पण त्यात माणसांपेक्षा भांड्यांचा आवाज मोठा येतो. तेव्हा यापुढे तू मला कागदावर लिहायचं. अक्षर मोठं काढ, कोंबडीचे पाय नकोत.

परवा शेजारीण विचारत होती, तुमची भाची काय करते. मी म्हटलं, भिंगातून रक्त बघते. रोज? रोज. मग म्हणाली, तेच ते? आता याला मी काय उत्तर देणार. लहानपणी तुझं बूड एका जागी ठरत नव्हतं म्हणून आम्ही तुला भिंगरी म्हणायला लागलो, आणि तीच तू आता दिवसदिवस एका स्टुलावर बसतेस, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तिथं असं काय दिसतं ते मला समजेल असं लिही. मी काही अगदीच अडाणी नाही, सगळी नोकरी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेलीय माझी.

घरी सगळे ठीक. दादाची धाकटी, ठकी, अडीच महिन्यांची झाली. नाक थोरल्या बहिणीचं, आवाज आजोबांचा. तुझा दादा कामावरून आला की आधी तिच्याकडे जातो, माझ्याकडे, त्याच्या आईकडे, बघतही नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. सूनबाई थकते, पण मी आहे ना. ठकीची आंघोळ, तेल, नाळेची काळजी, सगळं मी केलं. निवृत्त होऊन हाताला गंज चढला होता, तो गेला.

उत्तर लवकर दे.
मावशी


२० जानेवारी

मावशी,

अक्षर मोठं काढलंय. कोंबडीचे पाय असतील तर निदान थोराड कोंबडीचे आहेत.

तू विचारलंस काय दिसतं. आजवर घरातल्या कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आता ऐकावंच लागेल. आम्ही रोज कुणातरी धडधाकट माणसाचं थोडं रक्त घेतो, बहुतेक वेळा आमच्यातल्याच कुणाचं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून काचेवर ठेवतो. सुरुवातीला त्या काहीच करत नाहीत. गोल, दाणेदार, जरा मळकट, बसल्या आहेत आपल्या. मग मी केसापेक्षा बारीक टोकाची काचेची नळी त्यांच्यापासून जरा लांब आणून धरते. त्या टोकातून एक रसायन पाझरत असतं, जंतू जसं आपल्या अंगातून सांडत जातात तसं. आणि मावशी, त्या वळतात.

त्यांना नाक नाही, डोळे नाहीत, मेंदू तर नाहीच. पेशीच्या या कडेला आणि त्या कडेला त्या रसायनात फरक किती, तर शंभरात एखाद-दोन भागांचा. तेवढ्यावरून तिला कळतं की जायचं तिकडे. मग पुढच्या बाजूनं अंग पसरतं, मागच्या बाजूनं आखडतं, आणि ती चालायला लागते. मी नळी दुसरीकडे नेली की चुकल्यासारखी थांबते, आणि पुन्हा वळते. इतकी वर्षं बघतेय, पण वळतात त्या क्षणी मी अजून वहीत नोंद करायची विसरते. आमचे साहेब म्हणतात, तुम्ही काम करता की दर्शन घेता? मी म्हणते, दोन्ही.

शरीरात तर त्यांचं काम याहून अवघड. त्या रक्ताच्या लोंढ्यातून वाहत चाललेल्या असतात. बोटात काटा रुततो, जंतू शिरतात, तिथलं दुखावलेलं मांस आणि तिथल्या पहारेकरी पेशी रसायनं सोडून हाका मारतात. ती हाक पोचली की जवळची रक्तवाहिनी आतून जराशी चिकट होते. वाहती पेशी तिला घासत, गडगडत हळू होते, मग घट्ट धरून थांबते. चपटी होते आणि वाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून, आपल्याला शिरायला जमणार नाही अशा जागेतून, अंग चोरून बाहेर पडते. पुढे वासाच्या मागानं काट्यापर्यंत चालत जाते. लाल झालेलं, सुजलेलं, ठणकणारं बोट म्हणजे ती हाक आणि तिला दिलेली ओ.

मला तुझी ड्रेसिंगची खोली आठवते. आई कामावर गेली की मी तुझ्याकडे, तुझ्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. तू जुना कापूस काढलास की टाकण्याआधी खिडकीच्या उजेडाला धरायचीस. मी नाक दाबायचे आणि तू म्हणायचीस, बघून घ्यावं, जखम कापसावर बोलते. मावशी, त्या कापसावरचा पिवळा डाग म्हणजे याच. हाक ऐकून आल्या, जंतू गिळले आणि तिथेच मेल्या. कोट्यवधी. आपण ज्याला घाण म्हणतो तो पू म्हणजे हाकेला धावून आलेल्यांची प्रेतं.

वेडी म्हणालीस तरी चालेल.
भिंगरी


२९ जानेवारी

भिंगरी,

वेडी म्हणणार नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं, एकदा सूनबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. नंतर स्वयंपाकघरात उगाच उभी राहिले. आयुष्यभर चिमट्यानं उचलून बादलीत टाकला तो कापूस. कुणी सांगितलं असतं तर निदान टाकताना थोडं हळू टाकला असता. तरुणपणी वाटायचं, जखम मी बरी करते. वय झालं तसं कळत गेलं की मी नुसती झाकते, बरं करणारा आत कुणी वेगळा आहे. तो कोण ते तू आता सांगितलंस.

पण एक सांगू? शहाणे, माझ्या हाताखालच्या जखमांत तुझ्या या मंडळींना फारसं यावंच लागायचं नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तुमच्या टेबलावरची जखम म्हणजे धुतलेली पाटी. अजून हात तसाच आहे बरं. ठकीनं आपल्याच नखानं कानामागे ओरखडून घेतलं, त्याला आता पंधरवडा होऊन गेला. मीच पट्टी करते. पुवाचा ठिपका नाही, लाली नाही, सूज नाही. जखम जरा हट्टी आहे, भरून यायचं नाव नाही, उलट बटणाएवढी झालीय. पण स्वच्छ किती! चित्रात काढल्यासारखी. नाळसुद्धा मी अशी कोरडी राखली होती की सहाव्या आठवड्यात पडली तेव्हा खाली ओलीचं नाव नव्हतं. सूनबाईची आई म्हणाली, इतके दिवस कशी टिकली? मी म्हटलं, हात बघा कुणाचा आहे.

आपली आपण आरती ओवाळून घेतली, आता पुरे. थोरलीनं तुझ्यासाठी पेशीचं चित्र काढलंय. तिला मिशा आहेत. सोबत पाठवते.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा दादानं तुला सांगितलेलं असेल. तुझं पत्र वाचलं आणि तडक त्याला फोन केला. ठकीचं रक्त तपासायला सांगितलंय, उद्याच्या उद्या.

मला तीन गोष्टी हव्यात. नाळ खरंच सहाव्या आठवड्यात पडली का? तिला मधे ताप येऊन गेला का? आणि त्या जखमेभोवती अगदी थोडीही लाली, दाबलं तर कळ, असं काही कधी दिसलं का? तुझ्याइतकं बारीक बघणारं दुसरं कुणी मला माहीत नाही, म्हणून तुलाच विचारते. रागावू नकोस.

भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

रागावू नकोस म्हणालीस म्हणून रागावत नाही. पण माझ्या घरातल्या पोरीच्या कानामागचा ओरखडा तू पाचशे कोसांवरून तपासणार, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. या हातांनी किती जखमा बऱ्या केल्या ते तूच त्या स्टुलावर बसून बघितलंयस. पू नाही म्हणून काळजी करणारी माणसं मी पहिल्यांदा बघतेय.

रक्ताचा कागद आला. तुझ्याच पांढऱ्या पेशी, असायला हव्यात त्याच्या तिपटीहून जास्त! आता बोल. इथले डॉक्टर म्हणाले, कुठेतरी बारीक संसर्ग असेल, औषध देऊन बघू. मी तर म्हणते, आत इतकी फौज असताना भ्यायचं कशाला.

तू विचारलंस ते लिहिते. नाळ सहाव्या आठवड्यातच पडली. ताप दोनदा येऊन गेला. मागच्या पत्रात लिहिला नाही कारण तू लगेच घाबरतेस. दुसऱ्यांदा चांगलाच होता, चार दिवस उतरला नाही. लाली नाही. कळ नाही. परवापासून दूध कमी पिते आहे.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवून जखम पुन्हा उघडून बघितली. भिंगरी, कडा काळसर व्हायला लागल्यात. त्यांत ओलसुद्धा नाही. कापूस उजेडाला धरला तर कोरा. जखम काहीच बोलत नाही.

काय आहे हे?
मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

दादाला आज पुन्हा सगळं सांगितलंय आणि तो, वहिनी आणि ठकी उद्या इकडे, आमच्या मोठ्या रुग्णालयात यायला निघतायत. पण तू घरी राहणार आहेस, आणि तुला कुणी नीट सांगितलं नाही तर तू कल्पनेनं जास्त वाईट रंगवशील. म्हणून लिहिते.

मी लिहिलं होतं बघ, की वाहती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून थांबते. ते धरायला तिच्या अंगावर चिमुकले हात असतात असं समज. मला भीती आहे की ठकीच्या पेशींना ते हात नाहीत. जन्मापासून नाहीत. तसं असेल तर जखम हाका मारते, हाक पोचते, पेशींना ती ऐकूही येते. रक्त आणखी आणखी पेशी तयार करून पाठवतं, म्हणून तिप्पट. पण त्या सगळ्या पुरात वाहत काठाजवळून पुढे जातात. बाहेर कुणीच पडत नाही. म्हणून लाली नाही, पू नाही. नाळ गळून पडायलाही याच पेशी लागतात, म्हणून ती राहिली.

हे फार विरळा आहे. दहा लाखांत एखाद्या बाळाला होतं. इथल्या डॉक्टरांनीही पुस्तकात वाचलेलं, पाहिलेलं नाही. माझा अंदाज चुकला तर माझ्याइतकं खूश कुणी होणार नाही, तेव्हा खुशाल मला भित्री भागूबाई म्हण.

एक ऐक. तू म्हणशील, मी बघत असून मला कळलं नाही. मावशी, तू दिसलं ते सगळं लिहिलंस, एक गोष्टही चुकीची लिहिली नाहीस. तू लिहिलंस म्हणून मला कळलं.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

मावशी,

उशीर झाला. ठकीच्या अंगात दोन सलाइनं चालू आहेत, ताप आटोक्यात आहे, वहिनी तिच्या खाटेजवळून हलत नाही. दादा बाहेरच्या बाकावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाकडे बघून उभा राहतो.

अंदाज चुकला नाही.

तपासणी दुसऱ्या विभागात झाली, पण साहेबांनी मला विचारलं, तिच्या पेशी तुम्हाला बघायच्या आहेत का. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, घरातलं कुणीतरी बघावं. रक्त वरच्या मजल्यावरून मी स्वतः खाली आणलं. बाटली हातात कोमट होती.

काचेवर ठेवल्या. कितीतरी होत्या. मी नळी जवळ आणली. मावशी, त्यांना कळलं. गोल होत्या त्या लांबट झाल्या, नळीच्या बाजूनं अंग पुढे निघालं, जशा धडधाकट माणसाच्या करतात अगदी तशाच. जायचं कुठे ते त्यांना ठाऊक होतं. पण काचेला पाय टेकेना. अंग पुढे काढायच्या, मागे घ्यायच्या आणि होत्या तिथेच हलत राहायच्या. थेंबात जराशी हालचाल झाली की वाहून जायच्या, आणि जाता जाता पुन्हा तिकडेच तोंड करायच्या. मी भिंगावरून डोळे काढले आणि साहेबांसमोर रडले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

आता उपाय. पेशी जिथे तयार होतात तो हाडांतला मगज बदलायचा. दुसऱ्या कुणाचा जुळणारा मगज घेऊन तिच्या रक्तात सोडायचा. तो आपला आपण हाडांपर्यंत जाऊन बसतो, हेही एक नवलच आहे. सख्ख्या भावंडाचं जुळायची शक्यता चारात एक असते. थोरलीचं रक्त तुम्ही पाठवलं होतंत. जुळतंय, मावशी. पूर्ण जुळतंय.

धोका आहे. आधी ठकीचा जुना मगज औषधांनी मारावा लागतो, आणि तेवढे दिवस तिच्याकडे काहीच नसेल. पण केलं नाही तर ती वर्षाची होईल असं कुणी म्हणत नाही. दादानं सही केली.

थोरलीला घेऊन वहिनीची आई येतेय. तू एकटी पडशील. पत्र लिही.

भिंगरी


५ मार्च

भिंगरी,

घर रिकामं आहे. कानाचं यंत्र काढून ठेवलंय, ऐकण्यासारखं काही नाही.

तू म्हणालीस, मावशी, स्वतःला बोल लावू नकोस. बरं. लावत नाही. पण मी त्या जखमेचं कौतुक करत होते गं. आल्यागेल्याला कानामागचे केस बाजूला करून दाखवत होते, बघा किती स्वच्छ. आणि आतून ती पोर हाका मारत होती. माझे कान गेले ते ठीक, पण डोळे तर होते.

तुझं पत्र पाठ झालंय. त्यांना कळत होतं, तोंडही तिकडेच करत होत्या, हे वाचलं की मला थांबावं लागतं. इतक्या इतक्याशा जिवाला इतकी ओढ कुणी दिली असेल? आपण देव-देव करतो आणि तो बोटाच्या टोकात असली कारागिरी करून गप्प बसलेला असतो. मी देवाशी भांडायला बसले होते, पण तुझं पत्र आठवून भांडण राहून गेलं. म्हटलं, ज्यानं एवढं केलं त्याच्याकडे हातच मागावेत.

थोरली निघताना तिला मी समजावलं, की तुझ्यातलं थोडं ठकीला द्यायचंय, तिच्या पेशींना हात नाहीत. तिनं विचार केला. म्हणाली, "मग माझे कमी होतील?" मी म्हटलं, नाही, तुझे पुन्हा येतील. म्हणाली, "मग सगळ्यांना का नाही देत?" आणि बूट घालायला बसली. मोठी माणसं तिच्याकडून शिकतील तर बरं.

देव पाण्यात घालून बसलेय. जे होईल ते खरं खरं लिही. मला आता गोड बातमी नको, खरी हवी.

मावशी


१९ एप्रिल

मावशी,

खरं लिहिते.

थोरलीचा मगज दिला तो दिवस पाहणाऱ्याला अगदी साधा वाटला असता. लाल पिशवी, नळी, तासाभरात संपलं. थोरलीला कंबरेत दुखत होतं, तरी काचेतून ठकीला दाखवत होती, हे माझं आहे म्हणून. त्यानंतरचे दिवस मी लिहू शकणार नाही. तोंडात फोड, दूध बंद, रक्ताच्या कागदावर पांढऱ्या पेशी शून्य. एका पहाटे दादा मला म्हणाला, "आईला अजून काही लिहू नकोस." म्हणून मधे पत्र नव्हतं.

मग एक दिवस कागदावर अगदी थोड्या आल्या. दुसऱ्या दिवशी जराशा जास्त. आता पुरेशा आहेत. तपासणीत त्यांच्या अंगावर हात दिसतायत. थोरलीचे हात. ठकी काल दूध प्यायली आणि तिनं वहिनीच्या नाकाला लाथ मारली.

कानामागची जखम भरून येतेय. व्रण राहील. डॉक्टर समाधानी आहेत, पण अजून काही महिने इथेच, नजरेखाली. मला विचारशील तर जीव अजून पुरता भांड्यात पडलेला नाही. कागदावर हात दिसणं वेगळं आणि हाक आल्यावर धरणं वेगळं. ते कधीतरी काही लागेल, खुपेल, तेव्हाच कळणार, आणि तसं काही होऊ नये म्हणून आम्ही तिला काचेच्या भांड्यासारखं जपतोय. गंमत आहे की नाही.

भिंगरी


३ सप्टेंबर

भिंगरी,

सगळे सुखरूप घरी आलेत हे दादानं कळवलं असेलच. ठकी रांगते. रांगते कसली, धावते. कुठलंही दार उघडं दिसलं की पसार. तिला आता तुझं नाव द्यावं म्हणतेय.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी. चार दिवसांपूर्वी जुन्या दाराची बारीक कुसळ तिच्या तळहातात गेलं. सूनबाईचा चेहरा पांढराफटक. मी कुसळ काढलं, हात धुतला, दादानं लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लक्ष ठेवा, ताप आला तर तडक या. ताप आला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली आणि कुसळ होतं तिथे लाल दिसलं. मी चष्मा पुसला. लालच होतं. बोट लावलं तर गरम, आणि पोरगी अशी कळवळली की शेजारीण धावत आली. मी सूनबाईला म्हटलं, बघ, दुखतंय हिला. आणि आम्ही दोघी हसायला लागलो. शेजारणीला वाटलं, सासू-सुना दोघी बिघडल्या. आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, घाबरू नका, जसं व्हायला हवं तसंच चाललंय.

काल पट्टी सोडली. भिंगरी, पू झालाय. जोंधळ्याएवढा, पिवळा. इतकी वर्षं नोकरी केली आणि माझ्या टेबलावर पू दिसला की मला कमीपणा वाटायचा. काल मी दादाला हाका मारून कामावर जाताना परत बोलावलं, बघ म्हटलं. तो वाकून बघत राहिला. मग तिथेच जमिनीवर बसला आणि लहान असताना रडायचा तसा रडला.

जखम पुसली. पट्टी घातली. सगळे गेल्यावर तो कापूस मी खिडकीच्या उजेडाला धरला. लांबून आल्या होत्या गं, थोरलीच्या हाडांतून, तुमच्या नळीतून, या एवढ्याशा तळव्यापर्यंत, हाक ऐकून. बादलीत टाकवेना. मी त्यांना म्हणाले, "आलात. बरं झालं." आणि हात जोडले.

मावशी